आठ नंबरची जर्सी आणि चौथी दुखापत

प्रश्न विचारणारे गृहस्थ डब्लिनजवळ राहतात. मुलगा वीस वर्षांचा, आयर्लंडमध्येच वाढलेला, क्लबकडून आणि कॉलेजकडून गेलिक फुटबॉल खेळतो, जागा मिडफिल्ड. सतराव्या वर्षी डावा हॅमस्ट्रिंग, म्हणजे मांडीमागचा स्नायू, गेला, पुढच्या वर्षी पुन्हा तोच. गेल्या वर्षी खांद्याचा सांधा दुखावला आणि आता तीन आठवड्यांपूर्वी उजव्या गुडघ्याचा एसीएल, म्हणजे गुडघा स्थिर ठेवणारा आतला लिगामेंट, फाटला. ते लिहितात, "ताई, सगळे म्हणतात हा इंज्युरी-प्रोनच आहे. आजी म्हणते, याची हाडंच नाजूक. त्याच्या डोक्यातून काउंटीच्या, म्हणजे इथल्या जिल्ह्याच्या, संघाचं स्वप्न जात नाही. शस्त्रक्रिया करून पुन्हा खेळू द्यावं, मिडफिल्ड सोडून फॉरवर्डला जायला सांगावं, की आता पुरे म्हणावं?"

मी मूळची मिरजेची, फिजिओथेरपिस्ट. आयर्लंडमध्ये सतरा वर्षं झाली. आठवडाभर क्लिनिक आणि शनिवारी गावातल्या क्लबच्या मैदानावर, असा माझा दिनक्रम आहे. अशा मुलांचे गुडघे रोज हाताखालून जातात, म्हणून जरा सविस्तर लिहिते. एक आधीच सांगते. मी तुमच्या मुलाला तपासलेलं नाही. गुडघ्यात एसीएलसोबत हाडांमधली गादीही (मेनिस्कस) फाटली आहे का, कूर्चेला मार बसला आहे का, यावर बरंच काही अवलंबून असतं आणि ते एमआरआय व तपासणीशिवाय कुणीच सांगू शकणार नाही.

खेळायचं की सोडायचं हे तुम्ही विचारलंत, पण त्याआधीचा प्रश्न मला जास्त महत्त्वाचा वाटतो. तीन वर्षांत चार दुखापती का झाल्या? त्याचं उत्तर न शोधता शस्त्रक्रिया केली तर दुरुस्त केलेला गुडघा घेऊन मुलगा त्याच जुन्या वेळापत्रकात परत जाईल. आणि उत्तर न शोधता खेळ सोडला, तर "माझं शरीरच कमकुवत" ही समजूत तो जन्मभर बाळगेल, आणि बहुधा ती खोटी असेल.

'इंज्युरी-प्रोन' हा शब्द मी माझ्या खोलीत वापरू देत नाही. काही जणांचे सांधे जन्मजात सैल असतात, काही घरांत एसीएल फाटण्याचं प्रमाण जास्त दिसतं, हे खरं आहे आणि ते तपासायलाच हवं. पण माझ्याकडे हा शिक्का घेऊन येणाऱ्या बहुतेक मुलांची फाईल उघडली की दोनच गोष्टी सापडतात. पहिली दुखापत अर्धवट बरी झालेली असते, आणि त्या मुलाच्या आठवड्याचा एकत्र हिशेब कुणीच ठेवलेला नसतो.

आधी हॅमस्ट्रिंग. गेलिक फुटबॉलमधली ही सर्वांत जास्त आढळणारी दुखापत. मांडीमागचा स्नायू ताणला की दोन-तीन आठवड्यांत दुखणं थांबतं, मुलगा जॉगिंग करतो, मॅनेजर विचारतो, "ठीक आहेस ना?" आणि तो हो म्हणतो. तो खोटं बोलत नसतो. दुखत नाहीच त्याला. पण पूर्ण वेगात धावताना पाय पुढे फेकला जातो, तेव्हा तो स्नायू लांब ताणलेला असतो आणि त्याच क्षणी त्याला सगळ्यात जास्त जोर लावावा लागतो. ती ताकद तीन आठवड्यांत परत येत नाही. म्हणून आधी झालेली दुखापत हेच पुढच्या दुखापतीचं सगळ्यात मोठं कारण ठरतं. तुमच्या मुलाचा तोच हॅमस्ट्रिंग वर्षभरात पुन्हा गेला. मला तो नशिबाचा भाग वाटत नाही. पहिलंच दुखणं पुरतं मिटलं नव्हतं, इतकंच.

डाव्या हॅमस्ट्रिंगमुळे उजवा गुडघा गेला, असं मी छातीठोकपणे म्हणणार नाही. पण डाव्या पायावर भरवसा नसलेली मुलं उडी उजव्यावर घेतात, उतरतातही उजव्यावरच आणि वळतानाही तोच पाय रोवतात, हे मी अनेकदा पाहिलंय. तो माझ्याकडे आला असता तर सगळ्यात आधी मी हेच बघितलं असतं.

आता मिडफिल्डबद्दल. हा खेळ न पाहिलेल्या वाचकांसाठी दोन ओळी. एका संघात पंधरा खेळाडू, त्यांतले आठ आणि नऊ नंबरचे मिडफिल्डर. गोलकीपरने मारलेली किकआउट हवेतून येते, आणि ती डोक्यावर हातांनी झेलणं हे या दोघांचं पहिलं काम. झेललं की लगेच वळून धावायचं. मैदानाची लांबी १३० ते १४५ मीटर, म्हणजे फुटबॉलच्या नेहमीच्या मैदानापेक्षा बरीच मोठी. काउंटीचा वरिष्ठ सामना ७० मिनिटांचा, क्लबचा ६०. मैदानावर सगळ्यात जास्त अंतर सहसा मिडफिल्डरच कापतात.

पण मला काळजी वाटते ती धावण्यापेक्षा उतरण्याची. पुढच्या सामन्यात नीट बघा. चेंडू वर लटकलेला असतो, मुलाची नजर आकाशात, दोन्ही हात डोक्यावर. म्हणजे तोल सावरायला हात मोकळे नाहीत आणि जमीन दिसत नाही. हवेत असतानाच बाजूने एक खांदा लागतो. मग तो कुठल्या तरी एका पायावर उतरतो, गुडघा जवळजवळ सरळ, आणि चेंडू हातात असल्यामुळे त्याच क्षणी त्याला वळायचं असतं. गुडघा आत जातो आणि एसीएल फाटतो. बघणाऱ्याला वाटतं, कुणी धड लागलंही नाही. मिरजेला असताना कबड्डीपटूंचे गुडघे मी पाहत होते. चढाई करून परतताना पाय रोवून अंग वळवलं की हाच प्रकार व्हायचा. खेळ वेगळे असले तरी गुडघ्याला कळतो तो झटका एकच.

त्यात नियमांचाही भाग आहे. किकआउट हवेत स्वच्छ झेलणाऱ्याला 'मार्क', म्हणजे अडथळ्याविना फ्री किक घ्यायचा हक्क, मिळू लागला २०१७ पासून. मधल्या काळात गोलकीपर जवळच्या मोकळ्या बचावपटूला आखूड किक देऊन ही झटापटच टाळू लागले होते. २०२५ पासून नियम बदलला. आता किकआउट ४० मीटरच्या कमानीपलीकडे जावीच लागते. खेळ बघायला सुंदर झाला, उंच झेल परत आले, मलाही ते आवडतं. पण त्याचा अर्थ असा की आठ नंबरच्या मुलाला एका सामन्यात कितीदा उडी मारून उतरावं लागतं, ते प्रमाण वाढलं. त्याच्या तयारीत 'उतरणं' हा स्वतंत्र विषय असायला हवा. बहुतेक क्लबांत तो नसतो.

वेळापत्रकाबद्दल जरा जास्त लिहिते, कारण आईवडील सगळ्यात जास्त मदत इथेच करू शकतात. मोठ्यांच्या खेळात २०२२ पासून आधी काउंटीचा हंगाम आणि मग क्लबचा, अशी विभागणी झाली. त्यामुळे ऑल-आयर्लंडचा, म्हणजे काउंटी संघांच्या देशव्यापी स्पर्धेचा, अंतिम सामना आता जुलैत होतो. पण अठरा ते वीस वर्षांच्या चांगल्या मुलाला या विभागणीचा फारसा फायदा मिळत नाही. जानेवारीत कॉलेजचे सामने, वसंतात काउंटीचा वीस वर्षांखालील संघ, त्याच वेळी क्लबची लीग. तीन संघ, तीन मॅनेजर, जिमचे दोन वेगळे तक्ते. प्रत्येकाला आपला सराव तेवढा दिसतो.

एका आईला मी फ्रिजवर कागद चिकटवायला सांगितला होता. रोजच्या सरावाची मिनिटं लिहायची, मुलाला विचारायचं की दहापैकी किती जोर लागला, आणि दोन्हींचा गुणाकार करायचा. पहिला आठवडा परीक्षेचा होता, बेरीज आली ७००. पुढच्या आठवड्यात मंगळवारी कॉलेज ७५ मिनिटं, जोर ७. बुधवारी जिम ६० मिनिटं, जोर ६. गुरुवारी क्लब ९० मिनिटं, जोर ७. शनिवारी काउंटीचा सराव ९० मिनिटं, जोर ८. रविवारी क्लबचा सामना ६० मिनिटं, जोर ९. बेरीज २,७७५. एका आठवड्यात चौपट. यातला एकही सराव चुकीचा नव्हता आणि एकही मॅनेजर वाईट माणूस नव्हता. तिने तो कागद फोटो काढून तिघांना पाठवला, आणि त्या गुरुवारपासून क्लबने त्याला फक्त चेंडूचा हलका सराव दिला. ७०० वरून २,७७५ वर गेलेला स्नायू फाटला तर त्याला नाजूक म्हणणं अन्याय आहे.

तेव्हा माझा पहिला सल्ला असा. शस्त्रक्रियेआधीच ठरवा की परतल्यावर त्याच्या आठवड्याचा मालक कोण. एकच माणूस हवा. क्लबचा फिजिओ असेल, काउंटीचा असेल, किंवा तो स्वतः. त्या एकाने नाही म्हटलं की बाकी तिघांनी ऐकायचं.

आता शस्त्रक्रिया. एसीएल फाटलेल्या प्रत्येकाला ती लागतेच असं नाही. सायकल चालवणारा, पोहणारा, नोकरी करणारा माणूस नुसत्या व्यायामावर उत्तम जगू शकतो. पण वीस वर्षांच्या मुलाला उडी, झटका आणि वळणं असलेला खेळ परत खेळायचा असेल तर बहुतेक वेळा शस्त्रक्रियेचाच सल्ला मिळेल, आणि मीही तोच देईन. सर्जनला भेटाल तेव्हा एक प्रश्न नक्की विचारा, "कलम कुठून घेणार?" नवा लिगामेंट बनवायला बहुतेक वेळा एकतर हॅमस्ट्रिंगची कंडरा घेतात किंवा गुडघ्याच्या वाटीखालची. डावा हॅमस्ट्रिंग दोनदा गेलेल्या मुलाच्या उजव्या हॅमस्ट्रिंगमधून कंडरा काढायची का, यावर स्पष्ट बोलणं झालं पाहिजे. वाटीखालची कंडरा घेतली तर काही महिने गुडघे टेकून बसताना पुढच्या बाजूला दुखतं. प्रत्येक पर्यायात काहीतरी द्यावं लागतं. शिवाय तरुण खेळाडूंमध्ये काही सर्जन गुडघ्याच्या बाहेरच्या बाजूने आधाराचा एक जादा पट्टाही बसवतात, म्हणजे कलम पुन्हा फाटण्याचा धोका कमी होतो. त्याच्या गुडघ्याला त्याची गरज आहे का, हेही विचारा. निर्णय सर्जनचाच, पण त्यांना हॅमस्ट्रिंगचा इतिहास माहीत असायला हवा. पेशंट तो सांगायला विसरतात, कारण त्यांच्या मते ते "जुनं" झालेलं असतं.

परतायला किती वेळ? नऊ महिन्यांच्या आत मी कुणालाही सामन्यात जाऊ देत नाही. बऱ्याच जणांना बारा लागतात. नऊ महिन्यांपर्यंत परतणं जितकं लांबवाल तितका पुन्हा फाटण्याचा धोका झपाट्याने उतरतो, हे अभ्यासांत नीट दिसलंय. आणि नुसते महिने मोजून भागत नाही. दोन्ही पायांची ताकद मोजायची, एका पायावरची उडी मोजायची, दुखावलेला पाय दुसऱ्याच्या निदान नव्वद टक्के तरी हवा. तुमच्या मुलाच्या बाबतीत डावा पायही दोनदा दुखावलेला आहे, त्यामुळे डाव्याच्या बरोबरीने उजवा आला एवढ्याने मी समाधान मानणार नाही. दोन्ही पाय त्याच्या वजनाच्या मानाने पुरेसे ताकदवान आहेत का, तेही बघावं लागेल. पंचविशीच्या आत असा खेळ पुन्हा खेळणाऱ्यांपैकी साधारण पाचात एकाचा किंवा थोड्या जास्त जणांचा दुसरा एसीएल फाटतो, कधी त्याच गुडघ्याचा तर कधी दुसऱ्या. हे सांगताना मला वाईट वाटतं, पण तुम्ही निर्णय घेणार आहात तर हा आकडा तुमच्यासमोर असायलाच हवा.

एक चूक सांगते, माझी स्वतःची. बऱ्याच वर्षांपूर्वी बावीस वर्षांचा एक मिडफिल्डर माझ्याकडे होता. सात महिने झाले होते. ताकद जवळजवळ आली होती, उड्या छान दिसत होत्या, आणि दोन आठवड्यांवर क्लबचा उपांत्य सामना होता. खोक्यावरून एका पायावर उतरताना मी फोनवर त्याचा व्हिडिओ काढला. नजर खाली असताना गुडघा सरळ राहायचा. मी वर चेंडू फेकला आणि झेलायला सांगितला, तेव्हा पाचातल्या दोन वेळा गुडघा किंचित आत गेला. मी ते पाहिलं. त्यालाही दाखवलं. आणि तरीही वीस मिनिटांसाठी मैदानावर जायला होकार दिला. अकराव्या मिनिटाला किकआउट झेलून तो उतरला आणि उठलाच नाही. तेव्हापासून माझ्याकडचा कुठलाही मिडफिल्डर शेवटची चाचणी चेंडू डोक्यावर असतानाच देतो, बाजूने उशीचा धक्का खात. पाचातल्या पाच वेळा नीट उतरला तरच सामना.

जागा बदलावी का, असंही विचारलंत. फॉरवर्ड म्हणजे सुरक्षित, हा समज चुकीचा आहे. गोलजवळच्या फॉरवर्डला अंतर कमी कापावं लागतं, पण त्याची वळणं आखूड आणि तीव्र असतात, गुडघ्याला ती तितकीच जड. केरी काउंटीचा कोल्म कूपर हा त्या काळातला सर्वोत्तम फॉरवर्डांपैकी एक. फेब्रुवारी २०१४ मध्ये क्लबच्या सामन्यात त्याचा गुडघा गेला आणि त्याच वर्षी केरीने ऑल-आयर्लंड जिंकलं ते त्याच्याशिवाय. त्यामुळे कायमची जागा बदलायला मी सांगणार नाही. परतीच्या पहिल्या दोन-तीन महिन्यांत मात्र मी मॅनेजरला विनंती करते की किकआउटच्या गर्दीत दुसऱ्याला पाठवा, याला थोडं मागे ठेवा, वीस मिनिटांपासून सुरू करा. उंच झेल सगळ्यात शेवटी.

अशा मुलाचं पुढे काही होतं का? केरीचाच डेव्हिड मोरन घ्या. ट्रलीचा मिडफिल्डर, वडील ओगी मोरन आठ ऑल-आयर्लंड पदकांचे मानकरी, म्हणजे अपेक्षांचं ओझं केवढं असेल! २०११ आणि २०१२, लागोपाठ दोन वर्षं त्याचा क्रुशिएट लिगामेंट, म्हणजे एसीएल, फाटला. तेव्हा किती जणांनी त्याच्यावर फुली मारली असेल. २०१४ मध्ये केरी जिंकली तेव्हा मिडफिल्डला तो होता आणि त्या वर्षी ऑल-स्टार, म्हणजे वर्षातल्या सर्वोत्तम पंधरा जणांच्या, संघात निवडला गेला. २०१९ मध्ये पुन्हा ऑल-स्टार. २०२२ मध्ये केरीने गॅलवेला हरवलं, त्या अंतिम सामन्याला डब्लिनच्या क्रोक पार्क मैदानावर पहिल्या पंधरांत तो उतरला, वय ३४. माझ्या पेशंटना मी हे सांगते, पण सोबत हेही सांगते की त्याच्यासारखे दोन दुखापतींनंतर परतलेले आपल्याला आठवतात, न परतलेल्यांची नावं पेपरात येत नाहीत. मोरनकडे बघून आशा ठेवावी, वेळापत्रक मात्र आपल्या गुडघ्याकडे बघून ठरवावं.

एक बाब आपल्या मराठी घरांत नीट पोचत नाही, म्हणून लिहिते. हा खेळ हौशी आहे. क्रोक पार्कवर ८२ हजार लोकांसमोर खेळणारा मुलगाही सोमवारी सकाळी शाळेत शिकवायला किंवा बँकेत कामावर जातो. खेळाचा पगार नाही. त्यामुळे "यात करिअर आहे का" हा प्रश्न आपण क्रिकेटसारखा विचारला तर उत्तर नाही असंच येईल. त्याच्यासाठी करिअरचा अर्थ वेगळा आहे. गावाची जर्सी, ज्यांच्यासोबत आठव्या वर्षापासून खेळला ती मुलं, आणि इथे परक्या आडनावाने मिळवलेली जागा. ते सोडायला सांगताना आपण काय मागतोय, हे तुम्हाला माहीत असावं. तसंच, गुडघा चाळिशीतही त्याचाच असणार आहे आणि पोट नोकरीवर भरणार आहे, हे त्यालाही माहीत असावं. शस्त्रक्रियेची तारीख शक्यतो परीक्षेनंतर घ्या. काही आठवडे उशीर झाला तर सहसा बिघडत नाही, उलट सूज उतरलेला आणि पूर्ण सरळ होणारा गुडघा सर्जनला हवाच असतो. फक्त गादी अडकून गुडघा लॉक होत असेल तर थांबू नका.

पैशांचं एक. जीएएचा, म्हणजे हा खेळ चालवणाऱ्या संघटनेचा, इंज्युरी फंड आहे, पण तो पूर्ण विमा नाही. खासगी आरोग्य विमा असेल तर आधी तो, आणि उरलेल्या खर्चासाठी ठरलेल्या मर्यादेत हा फंड. अर्ज क्लबमार्फतच जातो आणि त्याला मुदत असते. दुखापतीला तीन आठवडे झालेत, तर आजच क्लबच्या सेक्रेटरीला फोन करा.

माझं मत विचाराल तर, गादी आणि कूर्चा ठीक असतील, तो बारा महिने द्यायला तयार असेल आणि त्या वर्षात डाव्या हॅमस्ट्रिंगचं राहिलेलं कामही पूर्ण करणार असेल, तर मी त्याला खेळू देईन. नॉर्डिक नावाचा व्यायाम, गुडघ्यांवर बसून अंग सावकाश पुढे सोडण्याचा, त्याला आठवड्यातून दोनदा करावा लागेल, आणि पुढे पूर्ण वेगाच्या धावाही. हे त्याला कंटाळवाणं वाटेल. खांद्याचं मला तितकं टोचत नाही. या खेळात ते होतं, आणि नीट बरं झालं असेल तर झेल घ्यायला अडचण नाही. पण तो सहा महिन्यांत परतण्याच्या गोष्टी करत असेल, किंवा तिन्ही मॅनेजरांपैकी एकही आठवड्याचा हिशेब ऐकायला तयार नसेल, तर मी एक हंगाम पूर्ण सोडायला सांगेन. कायमचं सोडणं हा निर्णय आज घ्यायची गरज नाही. दुसरा गुडघा गेला किंवा कूर्चा खराब निघाली, तर तेव्हा त्यावर बोलू.

सर्जनची तारीख मिळेपर्यंत हे करा. त्याला जमिनीवर बसवा, दोन्ही पाय समोर पसरून, टाचेखाली गुंडाळलेला टॉवेल ठेवून. उजव्या गुडघ्याची मागची बाजू डाव्याइतकी खाली जाते का ते बघा. मग मांडी आवळायला सांगा. वाटी वर सरकते का? पाय ताठ ठेवून उचलला तर गुडघा किंचित वाकतो का? या तिन्हींपैकी कशातही उजवा पाय डाव्यापेक्षा मागे असेल तर तारखेची वाट न पाहता याच आठवड्यात जवळच्या फिजिओकडे न्या. आणि एमआरआयच्या अहवालात गादीबद्दल काय लिहिलंय ते इथेच कळवा, म्हणजे पुढचं नेमकं सांगता येईल.